चिनी माणसाला ‘मिलियन’ का अडतो?

एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली, की लोकसंख्येत भारत चीनला मागं टाकतोय. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अहवालात त्या वर्षासाठी भारतापुढे १,४२८.६ मिलियन आणि चीनपुढे १,४२५.७ मिलियन असे अंदाज छापले होते. मराठीत आपण ते १४२ कोटी ८६ लाख आणि १४२ कोटी ५७ लाख असे वाचले. चिनी माणूस हेच आकडे ‘१४ यी २८६० वान’ आणि ‘१४ यी २५७० वान’ असे वाचतो. माणसं तेवढीच, अंकही तेच, फक्त आकडा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी कापलेला. हे कापणं मला त्या बातमीपेक्षाही जास्त आवडलं.

‘मिलियन म्हणजे दहा लाख’ एवढं पाठ केलं की शब्द आला, असं आपल्याला वाटतं. चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षं सराव करूनही ऐन बोलताना हा शब्द दगा देतो. त्याचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून नव्हे. अडचण शून्यांच्या हिशोबात आहे.

इंग्रजीत दर तीन शून्यांनंतर नवं नाव येतं: थाउजंड, मिलियन, बिलियन, ट्रिलियन. चिनीत ते दर चार शून्यांनंतर येतं. दहा हजाराला तिथं स्वतंत्र शब्द आहे, ‘वान’. वान गुणिले वान म्हणजे ‘यी’, आपले दहा कोटी. मधल्या जागा भरायला दहा, शंभर आणि हजार हे नेहमीचेच शब्द पुरतात. शंभरला ‘बाय’ म्हणतात, हजाराला ‘छिएन’. त्यामुळे मिलियन म्हणजे ‘बायवान’, शंभर वेळा वान. आपलं ‘दशलक्ष’ही तसंच जोडून केलेलं. दोन्ही भाषांत मिलियनला स्वतःचं घर नाही, तो शेजाऱ्याकडे भाड्यानं राहतो.

आता खरी गंमत. इंग्रजी नावांमागचे शून्य मोजा: ३, ६, ९, १२. प्रत्येकाला चारनं भागा आणि बाकी बघा: ३, २, १, ०. चिनी शब्द नेमके या बाकीप्रमाणे ठरतात. थाउजंडची बाकी तीन, म्हणून तो छिएन, म्हणजे हजार. मिलियनची बाकी दोन, म्हणून शंभर वान. बिलियनची बाकी एक, म्हणून दहा यी. ट्रिलियनची बाकी शून्य, म्हणून तो सरळ ‘वान यी’, मागेपुढे काही जोडावं लागत नाही. तीन आणि चार यांचा लसावि बारा, त्यामुळे दोन्ही भाषांचे सांधे बारा शून्यांवर पहिल्यांदा जुळतात. त्याच्या अलीकडे प्रत्येक इंग्रजी शब्दाला शून्य सरकवण्याचा वेगळा नियम लागतो. ‘३५० थाउजंड’ ऐकलं की एक शून्य काढून ३५ वान म्हणायचं. ‘२३ मिलियन’ ऐकलं की दोन शून्यं जोडून २३०० वान. ‘७ बिलियन’ला एक शून्य जोडून ७० यी. समोरचा बोलत असताना, पुढचं वाक्य कानावर पडत असताना, हे डोक्यात करायचं असतं. एक शून्य चुकलं तर आकडा दहापट चुकतो.

आपलं काय? हजारावर ३ शून्यं, लाखावर ५, कोटीवर ७, अब्जावर ९. सगळ्या विषम संख्या. चारच्या पाढ्यात विषम संख्या येतच नाही. म्हणजे रोजच्या वापरातल्या या मराठी आकड्यांचा सांधा चिनी आकड्याच्या सांध्यावर बसत नाही. एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान. मुंबईचा व्यापारी आणि शांघायचा व्यापारी एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागले, की दोघंही आपापल्या मनात वेगवेगळं भाषांतर करत असतात.

दुभाष्याचं शिक्षण घेणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना यावर एक युक्ती शिकवतात: ‘तीनवर टिंब, चारवर रेघ’. ऐकलेला आकडा कागदावर उतरवायचा, उजवीकडून दर तीन अंकांनंतर टिंब द्यायचं आणि दर चार अंकांनंतर तिरपी रेघ मारायची. १४२८६००००० हा आकडा टिंबांनी १.४२८.६००.००० असा तुटतो, रेघांनी १४/२८६०/००००. टिंबं बघून इंग्रजी वाचायचं, रेघा बघून चिनी. चीनमध्ये बँकेच्या कागदांवर स्वल्पविराम तीन-तीन अंकांनीच पडतात, त्यामुळे सामान्य माणसाला ते वाचताना फारसे कामाचे नसतात. तो शेवटच्या अंकावर बोट ठेवतो आणि डावीकडे सरकत ‘एक, दहा, शंभर, हजार, वान, दहा वान, शंभर वान’ असं पुटपुटतो. आपण शाळेत एकं, दहं, शतं, सहस्र म्हणत बोट सरकवायचो, अगदी तसंच.

दुसरा अडथळा व्याकरणाचा. इंग्रजीत ‘टू मिलियन’ म्हणतात, ‘टू मिलियन्स’ म्हणत नाहीत, पण नेमका आकडा नसला की ‘मिलियन्स ऑफ पीपल’ होतं. चिनीत नामाला इंग्रजीसारखं अनेकवचन नसल्यानं तिथल्या विद्यार्थ्याला हा ‘स’ कुठं लावायचा आणि कुठं नाही ते कळत नाही. मराठी माणसाला मात्र ते लगेच कळायला हवं. आपण ‘दोन लाख वारकरी’ म्हणतो आणि ‘लाखो वारकरी’ म्हणतो. ‘दोन लाखो वारकरी’ कुणीच म्हणत नाही. आकडा नेमका असेल तर ‘लाख’, मोघम असेल तर ‘लाखो’. मिलियनचा ‘स’ म्हणजे आपल्या लाखोचा ‘ओ’. असा तयार नियम घरात असताना आपली पाठ्यपुस्तकं तो दाखवून देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

चारचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. चिनीत ‘चार’ आणि ‘मरण’ या शब्दांचे उच्चार सारखे आहेत, फरक फक्त सुराचा. त्यामुळे कित्येक इमारतींत चौथा मजलाच नसतो, तिसऱ्यानंतर थेट पाचवा. उलट आठ शुभ, म्हणून बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झालं. पण हीच भाषा प्रत्येक मोठा आकडा शतकानुशतकं चार-चारच्या गटांत वाचत आली आहे आणि त्यानं कुणाचं काही वाईट झालेलं नाही. अंकाला शुभ-अशुभ माणूस ठरवतो. आपल्याकडे गाडीच्या ‘लकी’ नंबरासाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

मिलियन हा शब्द मुळात इटालियन. ‘मिले’ म्हणजे हजार, त्याला थोरपणा दाखवणारा प्रत्यय लागून झाला ‘थोरला हजार’. त्याआधी ग्रीकांकडे दहा हजारासाठी ‘मिरियाड’ होता, हुबेहूब वान. आर्किमिडीजनं विश्वात मावणाऱ्या वाळूच्या कणांचा हिशोब मांडला तो मिरियाडांच्या मिरियाडांत, म्हणजे यीमध्ये. इंग्रजीनं ‘मिरियाड’ हा शब्द घेतला खरा, पण आज त्याचा अर्थ नुसता ‘असंख्य’ एवढाच उरला आहे.

प्रत्येक समाजाचा श्रीमंत माणूसही त्या-त्या भाषेच्या सांध्यावरच उभा असतो. आपला लखपती पाच शून्यांवर, इंग्रजांचा मिलियनेअर सहावर, आपला करोडपती सातवर. चीनमध्ये १९८०च्या दशकात सुबत्ता आलेल्या घराला ‘वान युआनचं घर’ म्हणत, म्हणजे चार शून्यं. आज अतिश्रीमंतासाठी जो शब्द आहे त्यात यी आहे, म्हणजे आठ.

आणि हे सगळे सांधे एकदा एकाच यादीत होते. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त दहाच्या प्रत्येक पटीला नाव दिलेलं आहे: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज आणि तसंच पुढं परार्धापर्यंत. यातला अयुत म्हणजे वान, अर्बुद म्हणजे यी, आणि प्रयुत म्हणजे बरोबर एक मिलियन. बोलीत लाख आणि कोटी टिकले, अयुत आणि प्रयुत पोथीतच राहिले.