सिंहगडाचा माथा ढगात का बुडतो?

जुलैत एखाद्या सकाळी पुण्याहून सिंहगडाकडे पाहावं, तर गड अर्धाच दिसतो. माथा आणि टीव्हीचा मनोरा गायब. ढगाची खालची कड मात्र पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. ती सरळ का, हे कळलं की ढगांच्या उंचीचं निम्मं कोडं सुटतं.

जमिनीलगतची हवा वर चढताना प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. एका उंचीवर तिच्यातली वाफ धुळीच्या, समुद्री मिठाच्या कणांवर थेंब होऊन बसू लागते. आसपासची हवा साधारण एकाच उंचीवर या टप्प्याला येते, म्हणून ढगाचा तळ सपाट. हिशेब सोपा आहे: जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांतल्या फरकाला १२५ ने गुणा, तितके मीटर वर तळ.

समजा पुण्यात तापमान २७ आणि दवबिंदू २२ आहे. फरक ५, तळ ६२५ मीटरवर. सिंहगडाचा माथा पुण्याहून साधारण ७५० मीटर उंच, म्हणजे वरचे शंभरेक मीटर ढगात जाणारच! गडाच्या पुणे दरवाज्याशी आपण ज्याला धुकं म्हणतो तो खरं तर ढग असतो. भुवयांवर साचणारे ते बारीक कण म्हणजे ढगाचे थेंब. असे दहा लाखांच्या आसपास एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. महाबळेश्वरला तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली ढगांसाठी खास प्रयोगशाळाच उभारली. तिथे पावसाळ्यात ढग आपणहून उपकरणांपाशी येतो.

आता मे महिन्यातलं सोलापूर घ्या. तापमान ४०, दवबिंदू १६. तळ थेट ३,००० मीटरवर. इतक्या कोरड्या हवेतून पडताना पुष्कळसा पाऊस वाटेतच विरतो. ढगाखाली करडी झालर लोंबते, अंगणात मात्र टिपूसही नाही. पण तोच ढग वाढत गेला तर वळवाचा गर्जन्मेघ होतो, आणि ढगांत त्याच्याइतकं विलक्षण काही नाही असं मला वाटतं. विमानं १०-१२ किलोमीटरवरून जातात. याचा माथा १५-१६ किलोमीटरवर पोचू शकतो. तिथे वरची हवा त्याला आणखी चढू देत नाही, मग तो आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो.

लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली: केसांची बट म्हणजे सिरस, रास म्हणजे क्युम्युलस, थर म्हणजे स्ट्रॅटस. आपले तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ ते हेच. पुढे उंचीचे मजले ठरले. दोन किलोमीटरपर्यंत खालचे, तिथून सहा-सातपर्यंत मधले, त्यावर उंचावरचे. मधल्यांत मेंढरांच्या कळपासारखे पुंजके आणि सूर्य फिकट करणारं मळभ येतं.

सर्वांत वरचे ढग बर्फाच्या स्फटिकांचे. खाली आपण घामाघूम असलो तरी तिथे तापमान शून्याच्या कितीतरी खाली असतं. याचा पुरावा अंगणातून दिसतो. पातळ ढगाआडच्या चंद्राला मोठं खळं पडलं, की हात लांब करून वीत पसरा आणि अंगठा चंद्रावर धरा. करंगळी जवळजवळ खळ्याच्या कडेला टेकते. हा २२ अंशांचा कोन त्या षटकोनी स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळेच येतो.