भरल्या अंगाची आत्ती आणि मोडलेला घोटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्तीचा घोटा मोडला. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर ताजं दूध प्यायला गेलेली, येताना ओल्या फरशीवर पाय सटकला आणि बसली ती उठलीच नाही. (पावसात कातडी चप्पल घालून कोण जातं हा प्रश्न वेगळा.) ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पण घरात चर्चा घोट्याची नव्हतीच, आत्तीच्या अंगाची होती. आज्जी रोज एकच विचारायची, "एवढं भरलेलं अंग, जल्मभर दूध-तूप खाल्लेली बाई, मग हाड मोडलंच कसं?" त्यात डेक्सा मशीनवर हाडाची घनता काढली तर टी-स्कोर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, नॉर्मल. तो उणे २.५ किंवा त्याच्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ झाली म्हणतात, आत्ती त्याच्या जवळपास पण नव्हती.

आता आपण तालमीतले पैलवान बघत मोठी झालेली माणसं, अंग भरलेलं म्हणजे आत हाड दणकट हे डोक्यात पक्कं बसलंय. आणि ते अर्धं खरं पण हाय. हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना भार कळतो, भार पडला की त्या हाड घट्ट करायला लावतात. शिवाय पाळी गेल्यावर बाईच्या अंडाशयातनं इस्ट्रोजेन यायचं जवळपास बंद होतं, पण चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते दुसऱ्या हार्मोनांपासनं थोडं इस्ट्रोजेन तयार करतं आणि हाडाची झीज जरा रोखून धरतं. म्हणून जाड बायकांचा खुबा तुलनेनं कमी मोडतो, पडल्यावर चरबीच्या गादीचा उपयोग होतो तो वेगळा. घोटा मात्र त्यांचाच जास्त मोडतो. आत्ती बरोबर त्यातच बसली.

खरी गंमत पुढं हाय. चरबी म्हणजे नुसती तेलाची पिशवी असं पूर्वी समजायचे, पण १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशींनी रक्तात सोडलेलं हार्मोन. मेंदूला ते सांगतं की साठा भरपूर हाय, आता ताटावरनं ऊठ. ज्या उंदरांना लेप्टिन तयारच करता येत नाही ते खातच सुटतात आणि फुग्यासारखे होतात. या उंदरांत सेक्स हार्मोन कमी आणि स्टिरॉइड जास्त, म्हणजे हाडं पार पोकळ व्हायला पाहिजेत. पण २००० साली हाडांचे संशोधक जेरार्ड कार्सेंटी यांच्या टीमनं तपासलं तर मणक्यात हाड उलट जास्त! मग त्यांनी लेप्टिन थेट मेंदूत सोडून बघितलं, तर हाड कमी झालं. निरोप जातो तो असा, मेंदूतनं सिम्पथेटिक नसांच्या वाटेनं हाडापर्यंत, आणि तिथं हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना हात आखडता घ्यायला सांगितलं जातं. बीपीसाठी वापरतात त्यातलं एक बीटा ब्लॉकर औषध दिल्यावर उंदरांत हा निरोप अडला आणि हाड वाढलं.

इथंच थांबलं असतं तर सोपं होतं, लेप्टिन हाडाचं वैरी म्हणून मोकळे झालो असतो. पण काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तेच लेप्टिन टाकलं की त्या हाड बांधायच्या बाजूला वळतात. आणि लेप्टिन नसलेल्या त्याच जाड उंदरांची मांडीची हाडं बघितली तर ती आखूड! म्हणजे एकच हार्मोन मेंदूतनं एक सांगतं, हाडाजवळ जाऊन दुसरं सांगतं, आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांसारखं. त्यामुळं "चरबी हाडाला चांगली का वाईट" असं कुणी एका वाक्यात सांगितलं तर मी तरी ऐकत नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं दुसरं हार्मोन हाय, ते उलटं वागतं, चरबी वाढली की ते कमी होतं. शुगरसाठी ते चांगलं, पण ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांची हाडाची घनता बऱ्याचदा कमी सापडते. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी मात्र खरंच कटकटीची, ती टीएनएफ आणि आयएल-६ सारखे सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहते आणि त्यानं हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेव येतो. आत्तीला टाइप टू शुगर पण हाय, आणि या शुगरमध्ये घनता नॉर्मल किंवा चांगली दिसूनसुद्धा हाड मोडायचा धोका वाढलेला असतो. मशीन हाड किती हाय ते मोजतं, कसलं हाय ते त्याला नीट कळत नाही.

आता मटणातली नळी आठवा. रविवारी पांढऱ्या रश्शाबरोबर ताटात आली की आपण ठोकून ठोकून आतलं काढतो, ते मऊ बुळबुळीत म्हणजे बरीचशी चरबीच. आपल्या पण हाडात ती असते आणि वयाबरोबर वाढत जाते. तिथल्या एकाच मूळ पेशीपासनं चरबीची पेशी होऊ शकते किंवा हाड बांधणारी, पीपीएआर गॅमा नावाचं बटण दाबलं गेलं की गाडी चरबीकडं वळते. शुगरची ग्लिटाझोन गटातली औषधं नेमकं हेच बटण दाबतात, आणि २००६ मधल्या एका मोठ्या चाचणीत त्यातलं रोसिग्लिटाझोन घेणाऱ्या बायकांची हाडं जास्त मोडल्याचं दिसलं. (म्हणून कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका, डॉक्टरला विचारा.) अजून एक विचित्र गोष्ट, उपाशी राहून राहून अंगावरची चरबी पार गेलेल्या अ‍ॅनोरेक्सियाच्या पेशंटमध्ये नळीतली चरबी मात्र वाढते.

हे सगळं ऐकून आत्ती म्हणाली, "मग नळी खाल्ली की ती माझ्या हाडात जाऊन बसती व्हय रं?" नाही, ती पोटात पचते, नळीचं नळीत जात नाही. पण मग तिनं जेवणच बंद करायचं ठरवलं, त्यावर डॉक्टर ओरडले, कारण झपाट्यानं वजन उतरवलं की त्याबरोबर हाडपण उतरतं, भार पडणारा व्यायाम जोडीला असला तर ते बरंच वाचतं. त्यामुळं आता रोज संध्याकाळी खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं-बसायचं, वीस वेळा. आज्जी शेजारी बसून मोजते आणि चौदावर आलं की परत नऊपासनं सुरू करते.