व्यायामपूर्व आरोग्य प्रश्नावली

नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या किंवा व्यायामाची तीव्रता वाढवू पाहणाऱ्या व्यक्तीने आधी डॉक्टरांना भेटणे गरजेचे आहे का, हे ठरवण्यासाठी भरून घेतला जाणारा छोटा प्रश्नसंच. व्यायामशाळा, जलतरण तलाव, धावण्याचे गट, योगवर्ग आणि शारीरिक क्षमता तपासणारी केंद्रे येथे प्रवेशाच्या वेळी तो दिला जातो. सर्वांत परिचित प्रश्नसंच ‘पार-क्यू’ (PAR-Q, म्हणजे ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी रेडीनेस क्वेश्चनेअर’) या नावाने ओळखला जातो. त्यात सात प्रश्न असून प्रत्येकाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे द्यायचे असते. ही प्रश्नावली रोगाचे निदान करत नाही. कोणाला लगेच सुरुवात करता येईल आणि कोणी आधी विचारून घ्यावे, एवढीच विभागणी ती करते.

प्रत्यक्षात मात्र हा अर्ज बहुतेकांना पावती फाडण्याआधीचा एक कागद वाटतो. ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका ओळीत खुणा होतात, खाली सही होते आणि कागद फाइलीत जातो. प्रश्न वाचलेच गेले नाहीत, हे त्या सरळ ओळीवरूनच कळते. असे होण्यामागे निव्वळ निष्काळजीपणा नसतो. ‘होय’ लिहिले तर प्रवेश नाकारतील, डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी हेलपाटे घालावे लागतील, आपला आजार चारचौघांत कळेल, या भीतीपोटीही माणसे ‘नाही’ लिहितात.

उगम

पार-क्यूचा जन्म कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७०च्या दशकात झाला. लोकांनी घरच्या घरी, संगीताच्या तालावर पायऱ्यांची चढ-उतार करून आपली क्षमता तपासावी, अशी एक चाचणी त्या काळी कॅनडात प्रसारात येत होती. चाचणी घेताना शेजारी डॉक्टर किंवा परिचारिका असणार नव्हती. त्यामुळे माणसाला स्वतःच वाचून उत्तरे देता येतील आणि धोका असलेली व्यक्ती बाजूला निघेल, असे मोजके प्रश्न हवे होते. अर्जाची भाषा साधी आणि उत्तरे दोनच का, याचे कारण या गरजेत आहे.

पहिल्या आवृत्तीत गाळणी फारच बारीक ठरली. ‘डॉक्टरांनी कधी तुमचा रक्तदाब जास्त असल्याचे सांगितले आहे का?’ अशा धर्तीच्या प्रश्नामुळे, एखाद्या वेळी रक्तदाब वाढलेला आढळलेली पण आता धडधाकट असलेली माणसेही डॉक्टरांकडे पाठवली जाऊ लागली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रश्नांची शब्दरचना बदलली आणि रक्तदाबाचा प्रश्न ‘सध्या त्यासाठी औषध चालू आहे का’ असा झाला. पुढे २०११च्या सुमारास ‘पार-क्यू प्लस’ ही आवृत्ती आली. तिच्यात ‘होय’ म्हणणाऱ्याला थेट डॉक्टरांकडे न धाडता त्याच्या आजाराविषयी आणखी प्रश्न विचारले जातात. त्यांतून आजार आटोक्यात असल्याचे दिसले, तर त्याला सौम्य व्यायामाने सुरुवात करता येते. जुन्या अर्जाला १५ ते ६९ ही वयोमर्यादा होती. नव्या आवृत्तीत वरची मर्यादा उरली नाही.

प्रश्न आणि त्यांचे आकलन

सुधारित पार-क्यूचे सात प्रश्न हृदयविकार, श्रम करताना छातीत दुखणे, गेल्या महिन्याभरात श्रम नसतानाही छातीत दुखणे, चक्कर किंवा बेशुद्धी, हाडासांध्यांचे दुखणे, रक्तदाब वा हृदयासाठीची औषधे आणि ‘इतर काही कारण’ यांविषयी आहेत. दिसायला सोपे असलेले हे प्रश्न बरोबर समजतातच असे नाही.

छातीत दुखण्याचा प्रश्न घ्या. हृदयाला रक्त कमी पडते तेव्हा होणारा त्रास पुष्कळदा ‘दुखणे’ या सदरात बसतच नाही. छातीवर दडपण येते, आवळल्यासारखे वाटते, जळजळते. कधी त्रास जबड्यात, हातात किंवा पाठीत जाणवतो, तर कधी नुसता दम लागतो. स्त्रियांमध्ये धाप, मळमळ, अतोनात थकवा ही लक्षणे अधिक प्रमाणात दिसतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत नसांची संवेदना मंदावल्यामुळे काहीच न जाणवण्याचीही शक्यता असते. अशी व्यक्ती ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडून देते आणि अर्जावर प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिते. म्हणून जाणता प्रशिक्षक प्रश्न उलगडून विचारतो: जिना चढताना किंवा भराभर चालताना छातीवर दडपण येते का, आणि थांबल्यावर ते जाते का? श्रमाबरोबर येणारा आणि विश्रांतीने ओसरणारा त्रास ही हृदयधमन्यांच्या विकाराची ठळक खूण आहे. छापील प्रश्नापेक्षा या एका वाक्याने जास्त माणसे सावध होतील, असे म्हणायला हरकत नाही.

औषधांच्या प्रश्नावरही असाच गोंधळ होतो. गोळीमुळे रक्तदाब १२०/८० वर स्थिरावला, की ‘मला आता बीपी नाही’ अशी माणसाची समजूत होते. प्रश्न मात्र रक्तदाबाच्या आकड्याचा नसून गोळीचा आहे, आणि त्याला कारण आहे. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. त्यामुळे नाडी मोजून व्यायामाची तीव्रता ठरवण्याची नेहमीची पद्धत अशा व्यक्तीला लागू पडत नाही. लघवी वाढवणाऱ्या औषधांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामादरम्यान किंवा नंतर काही तासांनीही एकदम उतरू शकते.

चक्कर आणि बेशुद्धी यांतही फरक करावा लागतो. झटकन उठल्यावर क्षणभर अंधारी येणे वेगळे आणि धावता धावता शुद्ध हरपणे वेगळे. तरुण वयात श्रम चालू असताना आलेली बेशुद्धी हृदयस्नायू जाड होण्याच्या किंवा हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहातील आनुवंशिक दोषाची खूण असू शकते. व्यायाम करताना होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंमागे साधारण पस्तिशीच्या आत असे जन्मजात वा आनुवंशिक विकार जास्त आढळतात, तर त्यापुढच्या वयात हृदयधमन्यांचा विकार. जवळच्या नात्यात कोणी ५० वर्षांच्या आत अचानक हृदयविकाराने गेले असेल, तर तीही सांगण्याजोगी गोष्ट आहे. सात प्रश्नांत तिचा स्वतंत्र उल्लेख नाही. ती सांगायची जागा म्हणजे शेवटचा ‘इतर काही कारण’ हा प्रश्न, आणि लोक सर्वांत घाईने ओलांडतात तो नेमका हाच.

प्रश्नावलीची खरी मर्यादाही इथेच आहे. माणसाला स्वतःविषयी जे ठाऊक आहे, तेवढेच तिला कळते. ‘डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ याला, वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे न गेलेल्या माणसाचे ‘नाही’ हे उत्तर खरे असते, पण त्यातून काहीच कळत नाही. उच्च रक्तदाब लक्षणांवाचून वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून अर्जासोबत एकदा रक्तदाब मोजण्याची सोय असेल, तर ‘नाही’ या उत्तरांना काही अर्थ येतो. पार-क्यू प्लसमध्ये विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब १६०/९० किंवा त्याहून जास्त आहे का, असा प्रश्न रक्तदाबाच्या पोटप्रश्नांत आहे.

धोका किती?

या अर्जामुळे काहींच्या मनात व्यायामाचीच धास्ती बसते. आकडे पाहिल्यास ती अनाठायी ठरते. अमेरिकेत सुमारे २१ हजार पुरुष डॉक्टरांचा १२ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात जोरकस श्रमाच्या साधारण १५ लाख प्रसंगांमागे एक आकस्मिक मृत्यू आढळला. श्रमाच्या वेळी आणि लगेच नंतर धोका काही पटींनी वाढतो, हे खरे आहे. पण ही वाढ सर्वांना सारखी नसते. १९९३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, आठवड्यातून एकदाही जोरकस श्रम न करणाऱ्यांमध्ये अशा श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता शंभराहून अधिक पट वाढलेली दिसली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत ती जेमतेम अडीच पट होती. बैठ्या माणसाने पहिल्याच दिवशी जोर लावणे हा धोक्याचा भाग आहे, आणि तो कोणत्याही अर्जाने टळत नाही. सौम्य सुरुवात आणि हळूहळू वाढ यांनीच तो टळतो.

अति गाळणीचेही नुकसान होते. अमेरिकेत वापरात असलेल्या एका जुन्या, विस्तृत प्रश्नावलीचे निकष तेथील लोकसंख्येला लावून पाहिले, तेव्हा चाळिशीपुढील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना डॉक्टरांकडे जावे लागेल, असे दिसले. जो सल्ला जवळपास सगळ्यांनाच द्यावा लागतो, त्याने कोणाची निवड होत नाही. शिवाय कित्येकांचा चालायला जाण्याचा उत्साह त्या चिठ्ठीपायीच मावळतो. २०१५ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने आपली पद्धत बदलली. वय, वजन, धूम्रपान अशा जोखीमघटकांची बेरीज मागे पडली आणि तीन गोष्टींना महत्त्व आले: सध्या नियमित व्यायाम आहे का, हृदय, चयापचय किंवा मूत्रपिंडाचा आजार अथवा त्याची लक्षणे आहेत का, आणि किती तीव्र व्यायाम करायचा आहे. नियमित म्हणजे गेले तीन महिने, आठवड्यातून किमान तीन दिवस, ३० मिनिटे मध्यम व्यायाम. आजार वा लक्षणे नसलेल्या बैठ्या माणसाला या पद्धतीत परवानगीवाचून सौम्य ते मध्यम व्यायाम सुरू करता येतो. आजार असून व्यायामाची सवय नसलेल्याने आधी डॉक्टरांना भेटायचे असते. लक्षणे असतील, तर सवय असलेल्यानेही थांबून दाखवून घ्यायचे असते. मध्यम तीव्रता ओळखायची साधी खूण म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

‘होय’ या उत्तरानंतर

‘होय’ म्हणजे बंदी, हा सर्वांत नुकसानकारक गैरसमज आहे. आटोक्यातील रक्तदाब, मधुमेह आणि स्थिर हृदयविकार असलेल्यांना व्यायामाचा लाभ होतो. झटका येऊन गेलेल्यांसाठीही देखरेखीखाली व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. फक्त प्रकार आणि प्रमाण ठरवावे लागते. उदाहरणार्थ, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे लागते, पण चालण्याला सहसा अडचण नसते. डॉक्टरांना ‘व्यायाम करू का?’ एवढेच विचारले, तर उत्तरही मोघम मिळते. काय करायचे, किती वेळ, किती जोराने, हे सांगितले आणि भरलेला अर्ज सोबत नेला, तर नेमका सल्ला मिळतो.

ही प्रश्नावली म्हणजे जबाबदारी झटकण्याचे हमीपत्र, असेही अनेकांना वाटते. हमीपत्र हा वेगळा कागद असतो. काही ठिकाणी दोन्ही एकाच पानावर छापतात आणि तिथून हा समज पसरतो. ज्या कागदावर ‘काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ असे लिहिले आहे, त्यावर आपला आजार मोकळेपणाने लिहायला माणूस धजत नाही, म्हणून दोन्ही कागद वेगळेच ठेवणे चांगले. भरलेल्या अर्जातील माहिती खासगी असते. ती प्रशिक्षकाला माहीत हवी, पण समोरच्या मेजावर उघडी पडलेली नसावी.

सर्व उत्तरे ‘नाही’ असली तरी ताप, सर्दी किंवा तात्पुरते आजारपण असेल, तर बरे वाटेपर्यंत थांबावे, आणि गरोदरपणात आधी डॉक्टरांशी बोलावे, असे पार-क्यूवर छापलेले असते. अर्ज जास्तीत जास्त १२ महिने ग्राह्य धरला जातो. मधल्या काळात नवे औषध सुरू झाले, एखादा आजार निघाला किंवा सातांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बदलले, तर जुना अर्ज त्याच दिवशी बाद होतो आणि नवा भरावा लागतो.