‘सुकियाकी’ हे खाद्यपदार्थावरचे गाणे नव्हे

१९६३च्या जून महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत सलग तीन आठवडे अग्रस्थानी राहिलेले क्यू साकामोतो यांचे ‘सुकियाकी’ हे जपानी गाणे त्याच नावाच्या पदार्थावर, म्हणजे सोया सॉस व साखर घालून शिजवलेल्या गोमांसाच्या पातळ कापांवर, रचलेले आहे, असा समज अनेक वर्षे पसरलेला आहे. तो साफ चुकीचा आहे.

गाण्याचे मूळ नाव ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालू या’. डोळ्यांतले अश्रू खाली ओघळू नयेत म्हणून आकाशाकडे पाहत एकटाच चालणारा माणूस त्यात आहे. जेवणाचा उल्लेख कुठेही नाही. गीतकार रोकुसुके एई यांना हे शब्द सुचले ते १९६०च्या जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्धचे आंदोलन अपयशी ठरल्याच्या विषण्णतेतून. मात्र शब्दांत राजकारण उघडपणे येत नाही, आणि माझ्या मते हाचिदाई नाकामुरा यांच्या चालीइतकेच हे संयमित मौनही गाण्याला मोठे करते.

नाव बदलले ते ब्रिटनमध्ये. केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाने ही धून वाजवली, तेव्हा मूळ नाव इंग्रजी श्रोत्यांना उच्चारता येणार नाही म्हणून ओळखीचा एक जपानी शब्द तिला चिकटवण्यात आला आणि अमेरिकेतही तोच रूढ झाला.

गाणे १९६३चे आहे, हाही गैरसमजच. जपानमध्ये ते १९६१मध्येच प्रकाशित होऊन लोकप्रिय झाले होते.