बग डिफ्लेक्टर

बग डिफ्लेक्टर : मोटारगाडीच्या बॉनेटच्या पुढच्या कडेवर आडवी बसवायची प्लॅस्टिकची वक्र पट्टी. समोरून येणारे कीटक व खडी बॉनेटच्या रंगावर थेट आदळू नयेत आणि हवेचा झोत वर वळून काही कीटक काचेच्या वरून निघून जावेत, असा तिचा दुहेरी हेतू. अमेरिका व कॅनडात पिकअप ट्रकांवर ती सर्रास दिसते. ऑस्ट्रेलियात तिला बॉनेट प्रोटेक्टर म्हणतात. भारतात मोठ्या एसयूव्हींसाठी ती मिळते, पण दारांवरच्या डोअर व्हायझरइतकी रुळलेली नाही.

उगम : हा शोध कोणा एकाच्या नावावर जमा नाही. पट्टीचे दोन पूर्वज सांगितले जातात. एक, रेडिएटरसमोर ताणून बांधायची बारीक तारेची जाळी. दुसरा, बॉनेटच्या टोकावरील शोभेच्या मूर्तीला अडकवायचा लहानसा पारदर्शक, न फिरणारा पंखा. दोन्ही वस्तू अमेरिकेत साधारणतः दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे प्रचारात होत्या. जाळीचे काम रेडिएटरची पन्हळे बुजू न देण्याचे होते. हवा वळवणे तिच्या आवाक्यातले नव्हते. पंखा मात्र झोत वर फेकण्यासाठीच होता. म्हणून आजची पट्टी पंख्याच्या वंशातली मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बॉनेटची पूर्ण रुंदी व्यापणारी पट्टी तयार होण्यासाठी तापवून हवा तसा आकार देता येईल असे पारदर्शक प्लॅस्टिक स्वस्त व्हावे लागले. अशा प्लॅस्टिकांपैकी ॲक्रिलिक १९३३ मध्ये जर्मनीतील रोम अँड हास कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणले. पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी व अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. ट्रकांवर पट्टी सार्वत्रिक होण्याचा काळ याच्या बराच नंतरचा धरावा लागतो.

लव्हबग : या पट्टीची गरज जिथे सर्वांत तीव्रतेने भासते तो प्रदेश म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचा अमेरिकी किनारा, आणि तिथला कीटक म्हणजे प्लेशिया निआर्क्टिका, बोलीभाषेतला लव्हबग. काळा देह, तांबडी छाती आणि नर-मादी शेपटीला शेपूट जोडून उडणे ही त्याची ओळख. कीटकशास्त्रज्ञ डी. ई. हार्डी यांनी १९४० मध्ये टेक्ससमधील गॅल्व्हेस्टनच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. त्या वेळी तो टेक्सस व लुइझियानात जास्त आढळत होता. फ्लोरिडात तो पहिल्यांदा १९४९ मध्ये एस्कॅम्बिया काउंटीत नोंदला गेला आणि पुढच्या दशकांत राज्यभर पसरला.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका फसलेल्या प्रयोगातून, डास मारण्यासाठी घडवलेला हा कीटक निसटला, अशी लोकसमजूत त्या राज्यात घट्ट आहे. कालक्रमच तिला खोडतो. राज्यात पहिली नोंद होण्याआधी नऊ वर्षे त्याचे शास्त्रीय वर्णन दुसऱ्या राज्यातून झालेले होते. शिवाय लव्हबगची अळी कुजका पाला खाते आणि प्रौढ फुलांवर जातो; डास मारण्याचे कोणतेच साधन त्याच्याकडे नाही. कीटकशास्त्रज्ञ एल. एल. बुशमन यांनी १९७६ मध्ये कीटकाच्या प्रसाराचा माग काढला. त्यातून दिसते ते पश्चिमेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने, हळूहळू झालेले आगमन. हेच मत ग्राह्य धरावे.

हे कीटक महामार्गावरच का जमतात, हा दुसरा प्रश्न. फिलिप कॅलाहन व हॅरॉल्ड डेनमार्क या कीटकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवले की मोटारींच्या, अतिनील किरण पडलेल्या धुराकडे लव्हबग ओढले जातात. सडणाऱ्या वनस्पतींच्या गंधाशी त्या धुराचे साम्य असावे असे स्पष्टीकरण दिले जाते. तापलेला रस्ता हेही कारण मानतात. दोन्ही कारणे एकत्र काम करत असावीत. वर्षातून दोन हंगाम येतात, एक एप्रिलअखेर ते मे आणि दुसरा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि उड्डाण फक्त दिवसाउजेडी असते.

रंगाची हानी कीटकाच्या धक्क्याने होत नाही, त्याच्या रसाने होते. ताज्या चिरडलेल्या लव्हबगचा सामू (पीएच) ६.५ म्हणजे जवळजवळ उदासीन असतो, पण चोवीस तासांत तो ४.२५ पर्यंत उतरतो, म्हणजे रस आम्लधर्मी होतो. वर ऊन, खाली तापलेला पत्रा, आणि मध्ये हा आंबत चाललेला थर. जुन्या रंगांवर त्याचे खळगे कायमचे उठत. १९८०च्या दशकापासून रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळली आणि हानी बरीच कमी झाली. तरी त्याच दिवशी पाण्याने भिजवून धुणे हा उपाय आजही पट्टीपेक्षा खात्रीचा आहे.

हवेचे गणित : पट्टीमुळे काच स्वच्छ राहते का, यावर विक्रेते व वापरणारे यांचे एकमत नाही. वाद सोडवायला कीटकाची जडता पाहावी. वळणाऱ्या हवेबरोबर एखादी वस्तू वळायला किती अंतर घेईल, हे तिचे वस्तुमान आणि तिने अडवलेले क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. अडीच मिलिग्रॅमच्या डासासाठी हे अंतर ढोबळमानाने ८० सेंमी येते, गुबगुबीत भुंग्यासाठी तीन मीटरच्या पुढे आणि ग्रॅमभर वजनाच्या ढालकिड्यासाठी आठ मीटरच्या आसपास. पट्टीच्या कडेपासून काचेपर्यंतचे अंतर मात्र मीटर-दीड मीटरच असते, आणि बोटभर ते वीतभर उंचीच्या पट्टीचा हवेवरचा प्रभाव तिच्या उंचीच्या काही पटींपलीकडे जात नाही. म्हणजे चिलटे व डास काही प्रमाणात काचेवरून निघून जातात, लव्हबगच्या आकाराचे कीटक अधूनमधून, आणि भुंगा सरळ काचेवर येतो. आकडे अंदाजी असले तरी निष्कर्ष बदलत नाही: बॉनेटची कड व तिच्यामागचा हातभर पत्रा पट्टी निश्चित वाचवते, काच अंशतःच. हा अंशतः लाभही उंच, उभ्या पट्टीचा. बॉनेटला चिकटून बसणाऱ्या बुटक्या पट्टीकडून तो अपेक्षू नये. तिचा उपयोग खडीचे टवके टाळण्यापुरता, आणि तो थोडाथोडका नव्हे.

काचेवर आदळणाऱ्या कीटकांची संख्याच युरोपात घटली आहे. डेन्मार्कमध्ये जीवशास्त्रज्ञ आंदेर्स पापे म्योलर यांनी १९९७ ते २०१७ या काळात ठरावीक रस्त्यांवर गाडीच्या काचेवरील कीटक मोजले, तेव्हा सुमारे ८० टक्के घट दिसली. जर्मनीतील ६३ संरक्षित क्षेत्रांतल्या उडत्या कीटकांच्या वजनात सत्तावीस वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घट झाल्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकशास्त्राला गाडीची काच हे मोजमापाचे साधन म्हणून सापडले, ही गोष्ट पट्टीच्या इतिहासाइतकीच महत्त्वाची आहे.

साहित्य : ॲक्रिलिक उन्हात पिवळे पडत नाही, पण ठिसूळ असते, मोठा खडा लागला की तडकते. पॉलिकार्बोनेट धक्का सोसते, पण अतिनील संरक्षक लेप नसेल तर पिवळटते आणि त्यावर ओरखडे लवकर उठतात. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या धुरकट रंगाच्या ॲक्रिलिकच्या असतात. दोन्ही प्लॅस्टिके पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतात. दीड मीटर रुंदीची ॲक्रिलिक पट्टी मिनेसोटाच्या थंडीतून, समजा −२० °से. वरून, उन्हातल्या ५० °से.पर्यंत गेली तर सुमारे ७ मिमी लांबते, तर तेवढ्याच रुंदीचा पोलादी पत्रा सव्वा मिलिमीटर. हा फरक सामावण्यासाठी पट्टीची भोके स्क्रूपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवतात. स्क्रू करकचून आवळला की ही मोकळीक संपते आणि पहिल्या हिवाळ्यात भोकापासून तडा जातो. पट्ट्या फुटल्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथे असते.

नव्या गाडीवर बसवणे : पट्टी स्क्रूने किंवा दुहेरी टेपने बसवतात. बसवायची तर गाडी नवी असतानाच. टवका उडालेल्या जागेवर पट्टी चढवली की आत ओल राहते आणि गंज नजरेआड वाढतो. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असल्याने थांबावे लागत नाही. बॉनेट नंतर पुन्हा रंगवले असेल तर मात्र रंग पुरता वाळेपर्यंत निदान महिनाभर थांबण्याचा सल्ला देतात. सिरॅमिक कोटिंग करायचे असल्यास क्रम उलटा ठेवावा, आधी पट्टी, मग कोटिंग. कारण कोटिंगवर किंवा मेणावर टेप धरत नाही. पारदर्शक पीपीएफ (रंगाचे रक्षण करणारी) फिल्म लावायची असेल तर ती आधी, पट्टीखाली.

स्क्रूच्या प्रकारात बॉनेटच्या आतल्या बाजूची कारखान्याचीच भोके वापरतात; नवे भोक पाडायला सांगणारा संच घेऊ नये. पट्टी प्रथम मास्किंग टेपने जागेवर धरून दोन्ही टोके फेंडरपासून (चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांपासून) सारखी आहेत का ते पाहतात. पट्टी जिथे रंगाला टेकणार तिथे पारदर्शक रबरी ठिपके चिकटवतात. मग मधला स्क्रू सैल लावून बाहेरच्या बाजूंना सरकतात आणि सगळे बसल्यावर हाताने आवळतात, बॅटरीच्या ड्रिलने नाही. बॉनेट आपटण्याआधी एकदा सावकाश खाली आणून टोके फेंडरला किंवा ग्रिलला घासत नाहीत ना, हे पाहणे आवश्यक. फोर्ड एफ-१५० सारख्या २०१५ पासून ॲल्युमिनियमची बॉडी असलेल्या गाडीत पोलादी स्क्रू व पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवा. नाहीतर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

टेपच्या प्रकारात दुहेरी फोम टेप असते, डोअर व्हायझरला असते तशीच. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाण्याच्या समभाग मिश्रणाने पुसतात. तेच फडके पट्टीवर फिरवू नये, कारण ताणाखालच्या ॲक्रिलिकवर अल्कोहोलने केसासारख्या बारीक चिरा उठतात. तापमान २१ ते ३८ °से.च्या दरम्यान असावे. टेपवरचा कागद एकदम न काढता दोन्ही टोकांना बोटभर सोलून बाहेर दुमडतात, पट्टी जुळवतात आणि मग कागद ओढत ओढत अंगठ्याने दाबत जातात. पकड वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण होते. तोवर प्रेशर वॉशर व ब्रशचे स्वयंचलित वॉशिंग टाळावे.

पुढची देखभाल म्हणजे पट्टीमागची फट. तिथे धूळ साठते आणि कंपनाने ती पॉलिश पेपरचे काम करते. काही वर्षांनी पट्टी काढल्यावर तिच्या कडेच्या सरळ रेषेत दिसणारा धुरकट पट्टा याच धुळीने पाडलेला असतो. धुताना दर वेळी फटीत पाण्याचा झोत मारावा. अमोनिया असलेले काचेचे क्लीनर वर्ज्य.

कायदा : अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन–मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरची पट्टी लावली म्हणून निर्मात्याला वॉरंटी नाकारता येत नाही, हानी त्या पट्टीमुळेच झाली हे दाखवावे लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत होणाऱ्या बदलांना मनाई करते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना ज्यांवर कारवाई करायला सांगितले ते बुल बार व क्रॅश गार्ड होते. पादचाऱ्याला इजा करणाऱ्या त्या धातूच्या दांड्यांत आणि या प्लॅस्टिकच्या पट्टीत फरक करायला हवा.

काढणे : टेपची पट्टी ओढून काढू नये. हेअर ड्रायरने टेप कोमट करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवतात. उरलेला फोम अंगठ्याने चोळला की गोळा होऊन निघतो.