ब्लॅकजॅकचे फुकट ट्रेनर नवीन विंडोजवर का उघडत नाहीत, त्याची मागची गोष्ट

कोल्हापुरात पत्ते कुणाला शिकवायला लागत नाहीत. गणपतीत मंडपात रात्र जागवायची म्हटलं की रमी, मेंढीकोट, तीन पत्ती सगळं निघतंय. ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या पुढं न जाता डीलरपेक्षा त्याच्या जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ, मात्र आपला नव्हता, तो इथं आला दोन वाटांनी, एक मांडवीतली कॅसिनोची जहाजं आणि दुसरी कॉम्प्युटर. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दसुद्धा केला, त्यामुळं खरं टेबल बघायचं तर घाट उतरून पणजीच गाठायची. तिकडं जाऊन पैसे घालवण्याआधी घरी फुकटात हात बसवू म्हणून पोरं ट्रेनर, म्हणजे हा खेळ शिकवणारे प्रोग्रॅम, शोधतात, जुनी कुठली तरी फाईल सापडते, डबल क्लिक केलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही असा बोर्ड. मग राजारामपुरीत कुणाला तरी विचारायचं, रॅम वाढवू का, ग्राफिक कार्ड टाकू का. काही टाकू नका, पैसे वाचवा, भानगड वेगळीच आहे.

मुळात या खेळाला कॉम्प्युटर लागतोच किती? १९५६ साली अमेरिकन सैन्याच्या ॲबर्डीन तळावरच्या चौघांनी, बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट, ब्लॅकजॅकमध्ये कुठल्या पत्त्यावर काय करायचं याचा पहिला नीट तक्ता छापला आणि तो त्यांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर बटणं दाबून काढला होता. पुढं एमआयटीत असलेल्या एडवर्ड थॉर्पनं फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून तोच हिशोब आयबीएम ७०४ वर घातला आणि बघितलं की डावातनं कुठले पत्ते निघून गेलेत त्यावर पुढच्या डावात फायदा कुणाचा ते बदलत जातंय. त्याचं पुस्तक आलं १९६२ ला, म्हणजे इकडं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी. १९६३ मध्ये हार्वे डबनरनं पत्ते मोजायची सोपी रीत मांडली, दुरी ते छक्की गेली की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक, मधले सत्ती अठ्ठी नव्वी शून्य. आयबीएममधल्या ज्युलियन ब्राउननं नंतर सगळे आकडे अजून बारीक केले. झालं, गणित इथंच संपलं बघा. आजचा कुठलाही ट्रेनर उघडा, आत हाच तक्ता आणि हीच मोजणी आहे, आणि त्याला आजच्या फोनच्या ताकदीचा कोपरासुद्धा लागत नाही.

घरगुती कॉम्प्युटर आल्यावर ब्लॅकजॅक लगेच आला. डेव्हिड आलच्या १९७३ च्या बेसिक गेम्सच्या संग्रहात तो होता, १९७७ ला अटारीच्या मशीनबरोबर जी पहिली गेमची कार्ट्रिज निघाली त्यातही होता. पण ते नुसते गेम. ट्रेनर म्हणजे जो तुम्ही चुकलात की तिथंच टोकतो, सोळावर समोर दश्शी असताना थांबलास का म्हणून विचारतो, मध्येच पत्ते झाकून आता काउंट किती ते सांग म्हणतो. असले प्रोग्रॅम विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात फ्लॉपीवरनं फिरायला लागले, बरेचसे एकट्या माणसानं हौसेनं लिहिलेले, फुकट नाहीतर आवडलं तर पैसे पाठवा असे.

आणि तिथनंच रडगाणं सुरू झालं. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सीआरटी नावाचा तयार तुकडा असायचा, तो सुरू होताना मशीन किती फास्ट आहे ते मोजायचा, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे पेंटियम आल्यावर तो आकडा मावेनाच, मग रनटाइम एरर २०० देऊन प्रोग्रॅम पहिलं पान वाटायच्या आधीच आडवा. कॉम्प्युटर स्लो म्हणून सॉफ्टवेअर बंद पडतंय हे सगळ्यांना कळतंय, फास्ट झाला म्हणून बंद पडलं हे कुणाला पटायचं नाही.

विंडोज आलं तेव्हा लिहिणाऱ्यांची एक सोय झाली. सॉलिटेअरचे पत्ते, सुझन केअरनं काढलेले, विंडोजच्या कार्ड्स डॉट डीएलएल या फाईलमध्ये तयार पडलेले असायचे, तेच उचलायचे आणि आपला गेम बनवायचा. फुकटवाल्यांनी ते सर्रास केलं. पण ती फाईल त्यांची नव्हती, व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टनं गेम नव्यानं केले आणि ती काढून टाकली, मग गेम उघडताना फाईल सापडत नाही म्हणून ओरडणार. भाड्याच्या खोलीत दुकान थाटलं आणि मालकानं भिंतच पाडली असला प्रकार. व्हिस्टानं जुन्या हेल्प फाईली उघडणारा प्रोग्रॅमसुद्धा वगळला, आणि फुकट ट्रेनरमध्ये नियम नेमके त्या हेल्पमध्येच लिहिलेले असायचे.

सगळ्यात मोठा दणका ६४ बिटचा. विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्रॅम १६ बिट, ते चालवायची सोय ३२ बिट विंडोजमध्ये होती, ६४ बिटमध्ये ठेवलीच नाही. २००९ नंतर विंडोज सेव्हनचे ६४ बिट लॅपटॉप घरोघरी आले आणि कालपर्यंत चालणारी सीडी आज चालेना, आणि २०२१ चं विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच निघालं, म्हणजे तो दरवाजाच बंद. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज ९५ निवडून बघणारे अजून भेटतात, १६ बिट फाईलला त्याचा काडीचा उपयोग नाही. मॅकवाल्यांची गंमत अजून भारी, २०११ च्या लायन या व्हर्जनमध्ये पॉवरपीसी या जुन्या चिपचे प्रोग्रॅम गेले, २०१९ च्या कॅटालिना व्हर्जनमध्ये ३२ बिटचे.

मधल्या काळात लोकांना वाटलं ब्राउझरमध्ये ठेवलं की सुटलो. जावाची ॲपलेट, म्हणजे पानातच चालणारे छोटे प्रोग्रॅम, झाली, फ्लॅशमध्ये तर ट्रेनरचा सुकाळ झाला, कारण इन्स्टॉलची कटकट नाही आणि नेट कॅफेत तासाच्या पैशातसुद्धा खेळता यायचं. क्रोमनं २०१५ मध्ये जावाचं प्लगइन बंद केलं आणि अडोबीनं २०२० संपताना फ्लॅश. पैशाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं प्रत्येक वेळी नवीन व्हर्जन काढलं, कारण त्याचं पोट त्यावर होतं. फुकटवाला एकदा लिहून नोकरीला लागला, लग्न केलं, विसरला, त्याला दोष काय द्यायचा.

आता यातलं काय चालतंय ते सांगतो. डॉसचं असेल तर डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक चालतंय. विंडोज ३.१ चं असेल तर ओटीव्हीडीएम नावाचं फुकट साधन आहे, नाहीतर लिनक्सवर वाइन नावाचं साधन, तिथं ६४ बिटवरसुद्धा १६ बिट प्रोग्रॅम उघडतात. फ्लॅशची फाईल असेल तर ती चालवणारं रफल. नाहीतर सरळ जावास्क्रिप्टमध्ये केलेला ट्रेनर ब्राउझरमध्ये उघडा, फोन असो लॅपटॉप असो, फरक पडत नाही. फक्त ट्रेनर म्हणून जे ॲप पैसे लावून खेळायला सांगतंय ते लगेच काढून टाका, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे.

पण जुना ट्रेनर चालू झाला तरी हुरळू नका. गणित तेच असलं तरी टेबलावरचे नियम हललेत. जुन्या प्रोग्रॅममध्ये ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१ झाले, की ३:२ मिळतात, म्हणजे दोन रुपये लावले तर तीन, असं धरलेलं असतंय, आणि आता बऱ्याच टेबलांवर ६:५ देतात, त्या एका बदलानं कॅसिनोचा फायदा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो, जिथं चांगलं खेळणाऱ्याविरुद्ध तो मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असायचा. डीलर एक्क्यासकटच्या सतरावर अजून पान घेतो का, हेही तक्त्यातल्या काही उत्तरांना बदलतं. आणि पानं सतत पिसणारं मशीन असेल तर मोजणी शिकून काही हाताला लागत नाही. त्यामुळं ट्रेनर निवडताना सेटिंगमध्ये पत्त्यांचे जोड (डेक) किती, ३:२ का ६:५, डीलरचं सतराचं काय, एवढं बदलता येतंय का ते आधी बघा, येत नसेल तर तो कितीही छान चालू दे, दुसरा शोधा.