दुखऱ्या टाचेला नुसता मऊपणा पुरत नाही

आपल्या टाचेखाली साधारण दीड-दोन सेंटीमीटर जाडीची चरबीची गादी असते. ही चरबी तंतुमय पडद्यांच्या लहान लहान कप्प्यांत घट्ट कोंडलेली असते. पाऊल टेकलं की कप्पे दबतात, उचललं की पुन्हा फुगतात. वय वाढतं तशी या गादीची उसळी कमी होते आणि घरातल्या फरशीवर अनवाणी चालताना टाचेचं हाड खुपायला लागतं. त्यातच तळव्याची कमान ताणून धरणारा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, टाचेपाशी दुखावलेला असेल तर सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली चार पावलं नकोशी होतात. थोडं चाललं की दुखणं ओसरतं, म्हणून माणूस ते महिनोन् महिने अंगावर काढतो.

शेवटी बुटांच्या दुकानात जाणं होतं. तिथे आपण तळ अंगठ्याने दाबून बघतो आणि सगळ्यांत मऊ जोड घेऊन येतो. माझ्या मते फसगत इथेच होते. फार मऊ फोममध्ये टाच रुतते आणि एका बाजूला कलंडते. तिला सावरण्यासाठी पोटरीच्या स्नायूंना पावलागणिक जास्त राबावं लागतं. शिवाय उतारवयात तळव्याची संवेदना थोडी मंदावलेली असते. जाड आणि मऊ तळाच्या बुटांत वयस्कर पुरुषांचा तोल जास्त ढळतो, असं १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. टाचेच्या दुखण्यापेक्षा पडण्याची भीती मोठी, हे घरात वडीलधारी माणसं असलेल्यांना सांगायला नको.

म्हणून बूट हातात घेऊन आधी टाचेमागचा भाग दोन बोटांत दाबा. तो सहज चेपला जात असेल तर टाच धरून ठेवायला तिथे काहीच नाही. मग दोन्ही टोकं धरून कपडा पिळतो तसा पिळून बघा. बुटाने जोर दाखवला पाहिजे. वाकवला तर तो चवड्यापाशी, बोटं दुमडतात तिथेच वाकावा. मधोमध घडी पडणारा बूट कमानीला आधार देत नाही. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी दुखऱ्या टाचेला ती रोजच्या वापरासाठी योग्य नाही: तळ सपाट, टाच मोकळी, आणि चप्पल पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात.

रुंदीकडे मात्र आपलं हमखास दुर्लक्ष होतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचं आढळलं. बाजारात मात्र माप मिळतं ते परदेशी साच्याचं. मग चवड्याला जागा मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागे सटासट निघत राहते. वयानुसार अस्थिबंध सैल पडून पाऊल पसरतं, म्हणून जुन्या नंबरावर विसंबू नका. पाय सुजलेले असतात त्या संध्याकाळच्या वेळी, उभं राहून दोन्ही पावलं मोजून घ्या. मधुमेहामुळे तळवे बधिर झाले असतील तर बूट कुठे चावतो हेच कळत नाही; तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने एमसीआर चप्पल घ्यावी. हे मायक्रोसेल्युलर रबर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांसाठी वापरात आणलं.

आता टिकाऊपणा. खालची नक्षी शाबूत आहे म्हणजे बूट शाबूत आहे, असं नसतं. मधल्या थरातला ईव्हीए फोम म्हणजे हवेचे असंख्य बंद बुडबुडे. रोजच्या वजनाने त्यांच्या भिंती चुरगळतात आणि थर कायमचा दबतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. तो एका बाजूला झुकला असेल, कडेच्या फोमवर आडव्या सुरकुत्या असतील, तर त्याचा आधार संपला आहे.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दाबाला ईव्हीएपेक्षा चांगलं टिकतं. पण त्याच्या पॉलिएस्टर जातीला पाण्याचं वावडं आहे. हवेतला दमटपणा आत शिरतो आणि त्या साखळीतले एस्टर बंध एकेक करून तोडतो. उष्णतेने हे आणखी वेगाने होतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमटपणा आणि उष्णता दोन्ही भरपूर. त्यामुळेच लग्नकार्यासाठी खोक्यात जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला जोड काही वर्षांनी बाहेर काढावा आणि हॉलच्या पायऱ्यांवरच त्याचा तळ भिजल्या बिस्किटासारखा गळून पडावा, असं घडतं. यात घालणाऱ्याचा काही दोष नसतो. असा जोड घेतलात तर साठवू नका, लगेच वापरायला काढा. पावसात भिजला तर आतला इनसोल काढून दोन्ही पंख्याखाली वाळवा; कडक उन्हात ठेवलं तर पेस्टिंग सुटतं. आणि बरीच वर्षं चालेल असा जोड हवा असेल तर रबरी तळ आणि शिलाई असलेला घ्या: तळ झिजला की मोची तो उसवून नवा बसवून देतो.